शहर 'साफ' करायला निघालेला पोलिस : अंगार्स्कचा पोपकोव आणि आपण

कावेरी_कोथरूड (धागाकर्ती)

मिखाईल पोपकोव हा सायबेरियातल्या अंगार्स्क शहरातला पोलिस. १९९२ पासून पुढे कितीतरी वर्षं तो बायकांचे खून करत राहिला. १९९८ मध्ये त्याने पोलिसाची नोकरी सोडली, खून मात्र चालूच ठेवले. जून २०१२ मध्ये पकडला गेला. जानेवारी २०१५ मध्ये २२ खुनांसाठी जन्मठेप झाली, डिसेंबर २०१८ मध्ये आणखी ५६ खुनांसाठी दुसरी. म्हणजे या दोन निकालांतच ७८ माणसं. त्यात एक पुरुष होता, तोही पोलिसच. बाकी सगळ्या बायका.

हे आज लिहायला बसले कारण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्याच्याबद्दल एक मेसेज आला. 'बदफैली बायकांपासून शहर स्वच्छ करणारा पोलिस' असा एकूण सूर. खाली नमस्काराचे हात, आणि 'आपल्याकडेही असा एखादा हवा' हे वाक्य. लिहिणारी माणसं वाईट नाहीत. त्यातल्या एक काकू माझ्या आईच्या आजारपणात रात्र रात्र दवाखान्यात बसल्या आहेत. म्हणूनच ग्रुपवर दोन ओळींत वाद घालण्यापेक्षा इथे सविस्तर मांडावंसं वाटलं.

'मी घाण साफ करत होतो' हे कोण सांगतं? खुनी सांगतो. कधी सांगतो? पकडला गेल्यावर. आणि आपण ते त्याच्या तोंडून जसंच्या तसं उचलतो. मेलेल्या बायकांच्या बाजूने बघायला सुरुवात केली की त्या गोष्टीत काहीच उरत नाही. त्याची पद्धत साधी होती. रात्री उशिरा एकटी बाई दिसली की गाडी थांबवायची, घरी सोडतो म्हणायचं. कधी गाडी पोलिसांची, कधी अंगावर वर्दी. गाडीत बसलेल्या बाईला दारू प्यायची का, अजून कुठे जायचं का असं विचारायचं, आणि तिने हो म्हटलं की ती 'तसली' ठरली. हा त्याचा न्याय! त्याच्याच मुलीच्या संगीतशाळेतली एक शिक्षिका त्याच्या हातून मेली. शाळेत अंत्यविधीसाठी वर्गणी जमवत होते, मुलीने घरी येऊन बाबांकडे पैसे मागितले आणि त्याने दिले. हे त्यानेच नंतर सांगितलंय. कितीतरी बायकांवर त्याने आधी बलात्कार केले. शहर साफ करणाऱ्याला बलात्कार कशासाठी करावा लागतो, एवढा एकच प्रश्न मी त्या ग्रुपवर विचारला. उत्तर आलेलं नाही.

मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट १९९८ ची. एक पंधरा वर्षांची मुलगी त्याच्या तावडीतून वाचली होती. डोक्याला मार लागलेली, थंडीत टाकून दिलेली, तरी जगली. तिने त्याला ओळखलंसुद्धा. पण त्याची बायको म्हणाली, तो त्या रात्री घरी होता. ती स्वतःही पोलिसात नोकरीला. चौकशी तिथेच थांबली. एका बाजूला दवाखान्यात पडलेली शाळकरी मुलगी, दुसऱ्या बाजूला खात्यातला माणूस. शब्द कुणाचा धरला गेला ते उघड आहे. त्यानंतरही तो चौदा वर्षं मोकळा होता.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. वेगळं मत असलं तरी लिहा, त्यासाठीच धागा काढलाय.

धायरीफाटा

ताई, पोपकोवबद्दल दुमत नाही, तो राक्षसच. पण लोक 'असा एखादा हवा' असं का म्हणतात तेही बघा ना. माझ्या मामांचं किराणा दुकान आहे. कोयते घेऊन पोरं आली, काउंटर फोडलं, बरण्या फोडल्या. मामा आडवे आले तर हातावर वार केला. अंगठ्याजवळची शीर तुटली, आजही त्यांना वजनाचं माप उचलताना दुसरा हात लावावा लागतो. केस उभी राहिली. शेजारचे दोन दुकानदार साक्षीदार होते, दोघेही फितूर. पोरं जामिनावर बाहेर आहेत आणि संध्याकाळी दुकानासमोरच्या कट्ट्यावर येऊन बसतात. काही बोलत नाहीत, नुसती बसतात.

अशा पोरांना उद्या कुणी माजी पोलिसाने उडवलं तर मला वाईट वाटणार नाही. खरं तेच लिहितोय. तुमचा पोपकोव बायकांवर घसरला म्हणून तो वाईट दिसतो. जो खरोखर गुंडच मारतो त्याचं काय?

कावेरी_कोथरूड

धायरीफाटा, मामांबद्दल वाचून खरंच वाईट वाटलं. तुमचा प्रश्नही रास्त आहे.

'खरोखर गुंडच मारणारा' म्हणून ज्याचं नाव घेतात तो मॅन्युएल पार्डो. अमेरिकेत फ्लोरिडाचा माजी पोलिस. १९८६ च्या जानेवारी ते एप्रिल या काळात मायामी भागात त्याने नऊ माणसं मारली. १९८८ मध्ये कोर्टात उभा राहून म्हणाला की हे सगळे ड्रग्जवाले, मी सैनिक आहे, यांना जगायचा हक्क नव्हता. ऐकायला तुमच्या मनातल्या माणसासारखाच वाटतो. आता तपासात काय निघालं ते बघा. मेलेल्यांची क्रेडिट कार्डं तो आणि त्याचा साथीदार वापरत होते. त्यांचे ड्रग्ज आणि पैसे लुटले होते. सरकारी वकिलांचं म्हणणं सरळ होतं की हा स्वतःच ड्रग्जच्या धंद्यात उतरलेला दरोडेखोर. त्या नऊ जणांत तीन बायका होत्या. ११ डिसेंबर २०१२ ला त्याला विषारी इंजेक्शन देऊन मृत्युदंड दिला गेला, त्या दिवशी त्याने सहा पुरुषांची जबाबदारी घेतली आणि बायकांना मी मारलं नाही म्हणाला. गोष्टीत न बसणारी प्रेतं शेवटच्या दिवशीही त्याने बाजूला काढली.

निवृत्त_जमादार

नमस्कार मंडळी. माझी सगळी नोकरी शहर पोलिसात गेली, त्यातली बरीच वर्षं मुद्देमालावर. तेव्हा दोन गोष्टी माझ्याकडून.

पहिली मुद्देमालाची. कावेरीताईंनी लिहिलं नाही, पण या पोपकोवने वापरलेली काही हत्यारं पोलिसांनी जप्त करून ठेवलेल्या मालातली होती. हे मी वाचलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. बाहेरच्या माणसाला याचं गांभीर्य कळणार नाही म्हणून सांगतो. पंचनाम्यात जप्त झालेली वस्तू कापडात किंवा पाकिटात घालायची, सुतळीने बांधायची, गाठीवर लाख ओतून मोहोर उठवायची. आत पंचांच्या सह्यांचं लेबल. वर गुन्हा रजिस्टर नंबर, कलम, तारीख. मग मुद्देमाल रजिस्टरला नोंद. कोर्टात न्यायची तर नोंद, तपासणीला प्रयोगशाळेत पाठवायची तर नोंद, परत आली तर नोंद. लाखेला साधी चीर गेली तरी उलटतपासणीत आरोपीचा वकील तुम्हाला फाडून खातो, आणि खाल्लंच पाहिजे. त्या खोलीची किल्ली ज्याच्या कमरेला असते त्याच्या हातात शंभर माणसांचा न्याय असतो. कोयते, सुरे, कुऱ्हाडी सगळं तिथेच पडलेलं, वर्षानुवर्षं, कारण केस संपल्याशिवाय नाश करता येत नाही. तिथला एक कोयता कमी झाला तर पावसाळ्यात कुजलेल्या कापडांच्या ढिगात कुणाच्या लक्षात येईल? रजिस्टर खरं असेल तरच येईल.

दुसरी गोष्ट या पार्डोची. मी मुलाला सांगून त्याची माहिती वाचून घेतली. हा आधी फ्लोरिडाच्या हायवे पोलिसात होता. तिथे खोट्या पावत्या फाडल्याचं निघालं आणि तिथून बाहेर पडला. मग स्वीटवॉटर नावाच्या गावच्या पोलिसांनी त्याला घेतला. तिथे एका जुन्या सहकाऱ्यावर ड्रग्जच्या तस्करीची केस चालली होती, तेव्हा बहामात जाऊन त्याच्या बाजूने शपथेवर खोटं बोलला. त्याबद्दल १९८५ मध्ये काढला. पुढच्या जानेवारीत पहिला खून. मला लोक विचारतात, चांगला पोलिस असा कसा बिघडतो. अहो, तो एका दिवसात बिघडत नाही. आधी पावती खोटी, मग जबाब खोटा. आणि एका ठिकाणी पकडलेल्या माणसाला दुसरं ठिकाण विचारपूस न करता उचलून घेतं. मी स्टेशन डायरीत मागच्या वेळेची नोंद करायला नकार दिला म्हणून एका साहेबाच्या मर्जीतून कायमचा उतरलो. त्याचं मला दुःख नाही.

वाटसरू_पिंपरी

जमादारसाहेब, फार मोलाचा प्रतिसाद. असं आतून लिहिलेलं कुठे वाचायला मिळत नाही.

सुहास_सिंहगडरोड

दुकानदारांचा विषय निघालाच आहे तर ब्राझीलचं एक उदाहरण देतो, धायरीफाटा यांच्यासाठी मुद्दाम. साओ पावलोच्या दक्षिण भागात ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला 'काबो ब्रुनो' नावाने ओळखला जाणारा एक लष्करी पोलिस होता. तिकडे रस्त्यावरची गस्त घालणाऱ्या पोलिसांना लष्करी पोलिस म्हणतात. पन्नासहून जास्त खुनांचा संशय त्याच्यावर होता. वस्तीतल्या चोऱ्यांना कंटाळलेले व्यापारी त्याच्या पाठीशी होते, त्याला पैसे देत होते. म्हणजे तुमच्या मामांसारखीच माणसं, धंदा करून पोट भरणारी. पण यादी कोण बनवत होतं? तोच. चुकून दुसरा मेला तर तक्रार कुणाकडे करायची? त्याच्याच ठाण्यात.

१९८३ मध्ये त्याला अटक झाली. शंभराहून अधिक वर्षांची शिक्षा झाली, मध्ये तुरुंगातून पळालाही. पुढे धर्माकडे वळला, पाद्री झाला. ऑगस्ट २०१२ मध्ये सुटला आणि सप्टेंबरमध्ये, जेमतेम महिनाभरात, घराजवळ गोळ्या घालून त्याला मारला. त्याला मारणाऱ्यांनाही आपण न्यायच केला असं वाटलं असेल. आता या साखळीत कुठे थांबायचं ते मला सांगा.

मृण्मयी_बी

मी हिंजवडीत शिफ्ट करते. हा धागा वाचताना माझ्या डोक्यात सारखं एकच येतंय, पोपकोवच्या गाडीत त्या बायका स्वतःहून बसल्या. का नाही बसणार? रात्री दोन वाजता, बर्फात, समोर वर्दीतला माणूस. मीही बसले असते. लहानपणापासून आपल्याला शिकवतात, हरवलीस तर पोलिसकाकांकडे जा.

२००७ मध्ये गहुंज्याजवळ कंपनीच्या कॅबमधून नेलेल्या मुलीवर बलात्कार करून तिचा खून केला, ते पुणेकर विसरलेले नाहीत. तेव्हापासून माझी आई गाडीचा नंबर विचारल्याशिवाय फोन ठेवत नाही. पण पोलिसाच्या गाडीचा नंबर आई विचारेल का? मलाच विचारायचा धीर होईल का?

एकदा रात्री नाक्यावर वर्दीतल्या एका माणसाने माझी स्कूटर अडवली होती. कागदपत्रं दाखवली तरी किल्ली काढून घेतली आणि 'चौकीवर चल, मागे बस' म्हणाला. त्याच्या छातीवर नावाची पट्टी नव्हती. मी तिथेच उभी राहून मोठ्याने भावाला फोन लावला, जागा सांगितली, मग किल्ली परत मिळाली. तो खरा पोलिस होता की नव्हता ते मला आजही माहीत नाही. बसले असते तर काय झालं असतं, हा विचार करायला मला आवडत नाही.

जाणकारांनी सांगावं, अशा वेळी बाईने नेमकं काय करावं?

वकीलकाका_शिवाजीनगर

मृण्मयी, तू केलंस तेच बरोबर. उजेडात उभं राहायचं, मोठ्याने बोलायचं, जागा कुणाला तरी कळवायची. वर्दीवर नाव स्पष्ट दिसलं पाहिजे हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डी. के. बसू निकालात सांगितलंय आणि आता ते कायद्यातच आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अगदी अपवादात्मक परिस्थिती असेल तर महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घेऊन करायची असते. तेव्हा 'चौकीवर चल, मागे बस' याला 'महिला कॉन्स्टेबल बोलवा, मी इथेच थांबते' हे उत्तर पूर्ण कायदेशीर आहे. ११२ ला फोन लाव, कॉलची नोंद होते. खरा पोलिस असेल तर त्याला त्या नोंदीची भीती वाटायचं कारण नाही.

आता मूळ विषय. परदेशातल्या खुन्यांबद्दल आपण बोलतोय, पण टाळ्या वाजवणारे हात आपलेच आहेत, म्हणून आपल्याकडची प्रकरणं बघू.

बिहारमध्ये भागलपूरला १९७९-८० मध्ये पोलिसांनी तीसहून अधिक कैद्यांचे डोळे फोडून त्यात ॲसिड घातलं. दोष सिद्ध व्हायच्या आधी. बातमी फुटल्यावर तिथले लोक रस्त्यावर उतरले ते पोलिसांच्या बाजूने. हैदराबादला ६ डिसेंबर २०१९ ला बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातल्या चार संशयितांना पोलिसांनी गोळ्या घातल्या, पोलिसांवर फुलं उधळली गेली, आपल्याकडेही पेढे वाटले गेले. नंतर सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आयोगाने चौकशी केली. अध्यक्ष न्या. विकास सिरपूरकर, आपले नागपूरचे. आयोग म्हणाला, पोलिसांनी जीव घेण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या, त्यांच्यावर खुनाचा खटला चालवा. चारपैकी तिघे तेव्हा अल्पवयीन होते असंही आयोगाचं मत पडलं. फुलं उधळणाऱ्यांपैकी किती जणांनी तो अहवाल उघडून पाहिला?

आणि मुंबईचं लखनभैया प्रकरण. हा लखनभैया पोलिसांच्या लेखी गुंड. ११ नोव्हेंबर २००६. वाशीतून उचलला, वर्सोव्यात 'चकमक' दाखवली. त्याचा भाऊ वकील. त्याने पकडून नेल्याच्या तारा त्याच दिवशी अधिकाऱ्यांना पाठवल्या होत्या, म्हणून प्रकरण टिकलं. नाहीतर इतर फायलींसारखीच ही फाईलही बंद झाली असती. २०१३ मध्ये २१ जणांना जन्मठेप झाली, त्यात १३ पोलिस. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने सुटलेल्या बड्या अधिकाऱ्यालाही दोषी धरलं. फिर्यादी पक्षाचं म्हणणं काय होतं? लखनभैयाच्या वैऱ्याने त्याला संपवायला पोलिस वापरले. म्हणजे ज्याला आपण गुंडांचा काळ म्हणून मिरवतो तो एका गुंडाच्या कामाचा दुसऱ्या गुंडाने घेतलेला ठेका असू शकतो. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. पेपरात फोटो तोच येतो.

सदाशिवपेठी_आजोबा

मी सहसा इथे वाचतोच फक्त. आज लिहितो.

१९७६ च्या हिवाळ्यात मी पुण्यात नोकरीला होतो. ३१ ऑक्टोबरला विजयनगर कॉलनीत जोशी कुटुंबाचे खून झाले. १ डिसेंबरला भांडारकर रोडवर काशीनाथशास्त्री अभ्यंकर, एवढे मोठे संस्कृत व्याकरणाचे पंडित, आणि त्या वेळी घरात असलेली सगळी माणसं. एका घरात पाच. नायलॉनच्या दोरीने गळे आवळलेले. त्यानंतर पुण्याची संध्याकाळ बंद झाली. दिवेलागणीनंतर लक्ष्मी रोडला माणूस दिसेना. दुधवाल्यालाही दार उघडायचं नाही, आधी आवाज ओळखायचा. आमच्या वाड्यात दिंडीला आतून आडणा घालून शिवाय पाटा टेकवून ठेवायचे.

त्या काळात पोलिसांनी कुणालाही पकडून गोळी घातली असती तर पुण्याने विचारलं नसतं, हो मीही विचारलं नसतं. प्रत्येकाच्या डोक्यात खुनी कसा असेल याचं चित्र ठरलेलं होतं. कुणीतरी बाहेरचा, सराईत, तुरुंगातून सुटलेला. मार्च १९७७ मध्ये शेवटचा खून झाला, बंडगार्डनजवळ नदीत शिडीला बांधलेला मृतदेह वर आला, आणि त्यावरून पोलिस पोचले ते टिळक रोडवरच्या कला महाविद्यालयातल्या चार विद्यार्थ्यांपर्यंत. पहिला बळी त्यांच्याच वर्गातला मुलगा, जानेवारी १९७६ मधला, तो तोवर नुसता बेपत्ता म्हणून नोंदलेला. सरकारी तपास, माफीचा साक्षीदार, खटला, अपील, सगळं रीतसर झालं आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये येरवड्यात चौघांना फाशी झाली. सहा वर्षं लागली. पण निकाल लागला तेव्हा एकाही पुणेकराच्या मनात शंका नव्हती की माणसं हीच. आमच्या मनातल्या चित्राप्रमाणे कुणाला तरी आधीच उडवलं असतं, तर हे चौघे पुढच्या दारावर टकटक करत राहिले असते.

निवृत्त_जमादार

आजोबा, दंडवत. आमच्या वेळी जुने अंमलदार या तपासाची गोष्ट नव्या पोरांना सांगायचे. हेच शिकवायचे, की घाई केली असती तर वाया गेलं असतं.

अपर्णा_के

एक गोष्ट अजून कुणी लिहिली नाही. असे माजी पोलिस शेवटी सापडतात कसे?

पोपकोवच्या बाबतीत घटनास्थळी 'लाडा' या रशियन कंपनीच्या जीपसारख्या गाडीच्या टायरच्या खुणा मिळत होत्या, तशी गाडी तिथले पोलिस वापरायचे. अखेर २०१२ मध्ये सुमारे साडेतीन हजार आजी-माजी पोलिसांचे डीएनए नमुने तपासायचं ठरलं आणि त्यात तो निघाला. फ्रान्समध्ये पॅरिसच्या एका जुन्या मालिकाखुन्याच्या शोधात २०२१ मध्ये, त्या काळी तिथे नेमणुकीला असलेल्या सुमारे ७५० जांदार्मना (तिथल्या लष्करी दलातल्या पोलिसांना) डीएनए नमुन्यासाठी बोलावलं. त्यातल्या फ्रांस्वा वेरोव नावाच्या माणसाने बोलावणं आल्यावर चिठ्ठी लिहून आत्महत्या केली. नमुना जुळला. कॅलिफोर्नियाचा जोसेफ डिअँजेलो हाही माजी पोलिस, १९७९ मध्ये दुकानातून हातोडा चोरताना सापडला म्हणून नोकरी गेली. २०१८ मध्ये नातेवाइकांच्या डीएनएवरून माग काढत त्याला पकडलं. २०२० मध्ये त्याने १३ खून कबूल केले.

वेरोव किंवा डिअँजेलोने आपण समाजसेवा करत होतो असं कधी म्हटलं नाही. तरी त्यांनी वापरलं तेच, जे पोपकोवने वापरलं. दार कसं उघडून घ्यायचं, गस्त कधी कुठे असते, मागे काय पुरावा राहतो, हे सगळं ठाऊक असणं. 'साफसफाई'चा भाग काढून टाकला तरी खून करायच्या पद्धतीत काडीचाही फरक पडत नाही. म्हणून मला वाटतं ती गोष्ट खुनाचं कारण नाही, ती फक्त त्यानंतर लोकांना सांगायला लागते. आणि ज्या लोकांना ती आवडते त्यांच्यातच तो लपतो.

दुसरं असं की तिन्ही देशांत खात्याने स्वतःच्या माणसांकडे बोट वळवायला वर्षंच्या वर्षं लावली. आपल्याकडे पोलिस सुधारणांबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या प्रकाश सिंह निकालानंतर पोलिस तक्रार प्राधिकरणं आली, महाराष्ट्रात २०१४ मध्ये कायदा बदलून आली. किती जणांना माहीत आहे की पोलिसाविरुद्धची तक्रार त्याच ठाण्यात न जाता तिथे करता येते?

कावेरी_कोथरूड

अपर्णा, अगदी हेच मला म्हणायचं होतं आणि नीट जमलं नव्हतं. तुझा प्रतिसाद आणि आजोबांचा प्रतिसाद, दोन्ही आमच्या ग्रुपवर टाकते, चालेल ना?

२०१८ च्या निकालात पोपकोवचं पोलिसाचं पेन्शनही काढून घेतलं, हे राहून गेलं होतं. म्हणजे तोवर, २२ खुनांची जन्मठेप भोगत असतानाही, ते चालू होतं.

धायरीफाटा

सगळं वाचलं. काबो ब्रुनोचं रात्री मामांनाही वाचून दाखवलं. मामा म्हणाले, "आपल्या गल्लीत असा कुणी आला तर पहिल्या महिन्यात पोरं मारेल आणि दुसऱ्या महिन्यात हप्ता मागेल." त्यांनी दुकान चालवून माणसं ओळखलीत, मी काय बोलणार.

पण माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा असं कुणी सांगूही नये. पोरं आजही कट्ट्यावर आहेत. आजोबांच्या केसमध्ये साक्षीदार उभे राहिले. आमच्यात नाही राहिले, कारण त्यांना त्याच गल्लीत राहायचंय. तर वकीलकाका, मला ठोस सांगा. आम्ही काय करू शकतो?

वकीलकाका_शिवाजीनगर

तुझा राग योग्य आहे, कुणी जावा म्हणणार नाही. लखनभैया प्रकरणातला मुख्य साक्षीदारही २०११ मध्ये साक्षीच्या आधी गायब झाला आणि मग त्याचा मृतदेह सापडला. साक्षीदार सांभाळता आला नाही की खटला पडतो, मग आरोपी पोलिस असो की कोयतेवाला.

साक्षीदार संरक्षण योजना २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंजूर करून सगळ्या राज्यांना लागू केली. महाराष्ट्राचा स्वतःचा २०१७ चा कायदाही आहे. अर्ज जिल्हा पातळीवरच्या समितीकडे जातो, तिथे जिल्हा न्यायाधीश असतात, त्यामुळे तो स्थानिक ठाण्याच्या मर्जीवर राहत नाही. मामा स्वतः जखमी साक्षीदार आहेत. जखमी साक्षीदाराच्या साक्षीला न्यायालय जास्त वजन देतं, बाकीचे दोघे फितूर झाले म्हणून केस संपत नाही. शिवाय आरोपी जामिनावर असताना फिर्यादीच्या दुकानासमोर रोज येऊन बसत असतील तर ते दबाव आणणंच आहे. त्यावर जामीन रद्द करायचा अर्ज करता येतो. सरकारी वकील करतील, नाहीतर आपण फिर्यादीतर्फे करू.

मामांना घेऊन ये. एफआयआरची प्रत, दवाखान्याचं दुखापतीचं प्रमाणपत्र आणि जामिनाच्या आदेशाची प्रत आण. दुकानात कॅमेरा असेल तर कट्ट्यावर बसलेल्या पोरांचं चित्रण तारीखवेळेसकट वेगळं काढून ठेव, जुनं आपोआप पुसलं जातं. माझा नंबर व्यक्तिगत निरोपाने (व्यनि) पाठवलाय.

धायरीफाटा

व्यनि मिळाला, काका. कॅमेरा आहे, पण रेकॉर्डिंग थोडेच दिवस राहतं असं मामा म्हणतात. आज रात्री दुकान बंद झाल्यावर जेवढं आहे तेवढं पेनड्राइव्हवर उतरवून घेतो. जामिनाची प्रत आमच्याकडे नाही. ती कोर्टातून कशी काढायची?

वकीलकाका_शिवाजीनगर

नक्कल विभागात अर्ज कर, केस नंबर घालून. नंबर माहीत नसेल तर ई-कोर्ट्सच्या ॲपवर आरोपींच्या नावाने किंवा गुन्हा रजिस्टर नंबराने शोध. नाहीच सापडला तर कळव, मी काढून देतो.